उणे दोन हजार ओळींचा हिशेब

१९८२ साली अमेरिकेतील ॲपल कंपनीत ‘लिसा’ या संगणकाची आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, तयार होत होते. प्रत्येक अभियंत्याने आठवड्यात आज्ञावलीच्या किती ओळी लिहिल्या याचा तक्ता भरून द्यावा, असे व्यवस्थापकांनी फर्मावले. बिल ॲटकिन्सन यांनी त्याच सुमारास पडद्यावर आकृत्या रेखाटणाऱ्या भागाची फेरमांडणी केली होती. नवी मांडणी अधिक सुटसुटीत, जवळजवळ सहापट वेगवान आणि सुमारे २,००० ओळींनी आखूड होती. त्यांनी रकान्यात आकडा भरला: उणे २,०००. काही आठवड्यांनी त्यांच्याकडे तक्ता मागणेच बंद झाले. त्यांचे सहकारी अँडी हर्ट्‌झफेल्ड यांनी ही हकीकत नमूद करून ठेवली आहे.

ती विनोद म्हणून सांगितली जाते. परंतु तीतील प्रश्न विनोदाचा नाही. विणकराने किती वार कापड विणले हे मोजण्यात अर्थ आहे, कारण कापड वाढले की लाभ वाढतो. आज्ञावलीचे तसे नाही. तीतील प्रत्येक ओळ पुढे कोणाला तरी वाचावी, तपासावी आणि दुरुस्त करावी लागते. तेच काम कमी ओळींत झाले तर तो लाभच होय. शिवाय, ज्या मापावर बढती ठरते ते फुगवून दाखविण्याची कला माणूस फार लवकर आत्मसात करतो. दोष दुरुस्त केल्याबद्दल बक्षीस ठेवा, दोषांच्या नोंदी वाढतील. निकालाच्या टक्केवारीवर ज्यांची परीक्षा होते त्या शिक्षकांना हे निराळे सांगावयास नको. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनीही १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात असेच निदान केले होते.

म्हणून मोजूच नये, असे नव्हे. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल व जीन किम यांच्या २०१८ मधील ‘ॲक्सिलरेट’ या ग्रंथाने चार मापे पुढे ठेवली: बदल किती वेळा वापरात येतात, त्यांना तेथवर पोहोचण्यास किती अवधी लागतो, त्यांपैकी किती बिघाड घडवितात, आणि बिघाड किती वेळात निस्तरला जातो. पहिली दोन वेग सांगतात, उरलेली दोन त्या वेगाची किंमत. मुख्य म्हणजे ही मापे संपूर्ण गटाच्या कामाची आहेत. परंतु हीच मापे व्यक्तीच्या गोपनीय अहवालात चढविली, की ती ओळींच्या तक्त्याच्याच पंगतीला बसतात. एका बदलाचे चार तुकडे करून आकडा वाढविणे काही कठीण नाही.

गटातील एखादी अनुभवी व्यक्ती दिवसभरात एकही ओळ लिहीत नाही. ती नवख्यांच्या अडचणी सोडविते, इतरांचे लिखाण तपासते, एखादी अनावश्यक मागणी वेळीच नाकारून सर्वांचे श्रम वाचविते. तक्त्यात तिच्या नावापुढे शून्य येते. वेतनवाढ त्या शून्यावरून ठरली, तर पुढील वर्षी ती नवख्यांजवळ बसणार नाही. आणि गट का मंदावला, हे व्यवस्थापक त्याच तक्त्यात शोधीत राहतील.