पडद्यावरची पैठणी, कागदावरची पैठणी

गेल्या वर्षी भाचीच्या लग्नाचा अल्बम घरी आला आणि पहिली दोन पाने उलटताच ताईचा चेहरा पडला. सगळे फोटो काळवंडलेले. हळद न लावलेले पाहुणेही हळद लावल्यासारखे पिवळे. नवरीची मोरपंखी पैठणी चक्क हिरवी. फोटोग्राफरला बोलावले, तर तो बिचारा लॅपटॉप घेऊनच आला. त्याच्या पडद्यावर तेच फोटो झकास दिसत होते. "काकू, माझ्याकडं बघा ना, सगळं बरोबर आहे. लॅबवाल्यानं घोळ केलाय." लॅबवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "फाइल आली तशी छापली."

गंमत म्हणजे दोघेही खरे बोलत होते. प्रश्न एवढाच होता, की चाळीस पाने पुन्हा छापायचा खर्च कोणाच्या खिशातून जाणार. तालुक्याच्या गावी लग्नाचे फोटो काढणाऱ्याच्या हातात एका ऑर्डरमागे जे उरते, ते अशा एका अल्बमात संपते.

दोष होता त्या लॅपटॉपच्या पडद्याचा आणि थोडासा आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांचा. आधी डोळ्यांचे पाहू. रंग ओळखण्यासाठी डोळ्याच्या पडद्यात तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांनी पाठवलेले संकेत मेंदू जसेच्या तसे स्वीकारत नाही. भोवतालच्या उजेडाचा रंग तो वजा करतो. म्हणून पिवळ्या बल्बखालीही आपल्याला शर्ट पांढराच दिसतो आणि दुपारच्या सावलीतही पांढराच. जगण्यासाठी ही फार सोयीची गोष्ट आहे, पण फोटो दुरुस्त करणाऱ्यासाठी तीच घातक ठरते. निळसर पडद्यासमोर दहा मिनिटे बसले, की डोळा त्या निळसरपणाला बराचसा सरावतो. जो थोडा खटकत राहतो तो घालवण्यासाठी माणूस नकळत फोटोत पिवळा वाढवतो. हा वाढवलेला पिवळा फाइलमध्ये राहतो आणि कागदावर उमटतो.

त्यात वयाची भर पडते. वाढत्या वयात डोळ्यातले नैसर्गिक भिंग पिवळट होत जाते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर अनेकांना पांढऱ्या भिंती एकदम निळसर का वाटतात, त्याचे उत्तर यातच आहे. शिवाय लाल-हिरव्यातला फरक कमी ओळखणारे पुरुष आपल्या कल्पनेपेक्षा जास्त असतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण शंभरात आठच्या घरात आहे. यातल्या अनेकांना ते स्वतःला ठाऊकही नसते. रंगांचे काम पोटासाठी करणाऱ्याने एकदा नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन इशिहारा चाचणी करून घ्यावी. ती छापील पुस्तकावरच करावी, मोबाइलवर नाही, कारण मोबाइलच्या पडद्याचे रंग बरोबर आहेत की नाहीत, हाच तर इथला मूळ प्रश्न आहे.

आता पडदा. दुकानातून आलेला मॉनिटर किंवा लॅपटॉप दुकानातल्या झगमगाटात उठून दिसावा अशा बेताने भडक ठेवलेला असतो. पडद्याचा उजेड कॅन्डेला प्रति चौरस मीटर या एककात मोजतात. बहुतेक नवे पडदे पूर्ण उजेडावर 250 ते 350 कॅन्डेला देतात. कागदाकडे स्वतःचा उजेड नसतो, तो खोलीतला उजेड परत फेकतो. घरातल्या ट्यूबखाली टेबलावर 200 लक्स उजेड पडत असेल, तर चांगला पांढरा कागद जेमतेम 55 ते 60 कॅन्डेला परत देतो. म्हणजे ज्या फोटोचा उजेड 300 कॅन्डेलाच्या पडद्यावर, तोही रात्री अंधाऱ्या खोलीत बसून ठरवला, तो अल्बममध्ये काळवंडणारच. छपाई काळी येण्याच्या तक्रारींमागे बहुतेक वेळा रंग नसतो, एवढा उजेडातला फरक असतो. फोटोच्या कामासाठी पडदा साधारण 80 ते 120 कॅन्डेलावर आणावा असा प्रघात आहे. पहिल्या दिवशी तो मंद आणि मेल्यासारखा वाटतो, चार दिवसांत सवय होते.

हे 120 डोळ्यांनी ठरवता येत नाही. त्यासाठी कॅलिब्रेटर लागतो. संगणकाच्या उंदरापेक्षा लहान असे हे उपकरण पडद्यावर टेकवून ठेवायचे. सोबतचे सॉफ्टवेअर पडद्यावर एकामागून एक रंगांचे ठोकळे दाखवते, उपकरण ते मोजते. मागितलेला रंग आणि प्रत्यक्ष आलेला रंग यांतला फरक नोंदवून त्या पडद्याचे एक प्रोफाइल तयार होते. फोटोशॉपसारखी सॉफ्टवेअर ते वाचून रंग दुरुस्त करून दाखवतात. साधारण पंधरा मिनिटांचे काम.

बाजारात गेलात तर दोन जातींची उपकरणे दिसतील, आणि निवडीचा सगळा घोळ इथेच होतो.

पहिली जात कलरीमीटरची. याच्या पोटात प्रकाश मोजणाऱ्या पेशींवर रंगीत गाळण्या बसवलेल्या असतात आणि त्या मानवी डोळ्याची नक्कल करतात. कोणाच्या डोळ्याची? 1920 च्या दशकात इंग्लंडमध्ये डेव्हिड राइट आणि जॉन गिल्ड यांनी स्वतंत्रपणे रंग जुळवण्याचे प्रयोग केले. राइट यांच्याकडे 10 आणि गिल्ड यांच्याकडे 7 निरीक्षक होते. या सतरा जणांच्या नजरेवरून 1931 साली 'प्रमाण निरीक्षक' ठरला, आणि आजही जगातली रंगमोजणी प्रामुख्याने त्याच्याच आधाराने चालते. सतरा माणसांनी ठरवलेल्या नजरेने आपण पैठणी मोजतो, हे मला दर वेळी नवल वाटते.

गाळण्यांची ही नक्कल तंतोतंत नसते. चूक किती होईल, हे पडद्यामागचा उजेड कोणत्या जातीचा आहे यावर ठरते. जुन्या एलसीडी पडद्यांमागे बारीक फ्लुरोसंट नळ्या असत. आता पांढरे एलईडी असतात, महागड्या मॉनिटरमध्ये वेगळ्या जातीचे एलईडी, तर काही लॅपटॉपमध्ये ओलेड. प्रत्येकाचा वर्णपट वेगळा. म्हणून चांगल्या कलरीमीटरसोबत प्रत्येक जातीसाठी वेगळी दुरुस्ती दिलेली असते आणि सॉफ्टवेअर सुरुवातीलाच विचारते, पडदा कोणता? इथे घाईघाईने 'नेक्स्ट' दाबणारे फार. उपकरण उत्तम आणि उत्तर चुकीचे, असे त्यामुळे होते. मॉनिटरचे मॉडेल शोधून पाच मिनिटे यावर खर्च करा.

दुसरी जात स्पेक्ट्रोफोटोमीटरची, म्हणजे वर्णपटमापकाची. हे उपकरण प्रकाशाचे तुकडे करून प्रत्येक पट्ट्यात किती उजेड आहे ते मोजते. त्यामुळे पडदा कोणत्या जातीचा, हे त्याला सांगावे लागत नाही. शिवाय त्याच्यात स्वतःचा दिवा असल्याने ते छापलेला कागदही मोजू शकते. कलरीमीटरला हे जमत नाही. ऐकायला हेच श्रेष्ठ वाटते आणि विक्रेताही तसेच सांगतो. पण काळ्याच्या जवळच्या गडद छटांमध्ये परवडणारे वर्णपटमापक चाचपडतात. तिथे साधा कलरीमीटर अधिक स्थिर आकडे देतो. लग्नाच्या फोटोत काळे केस, काळी शेरवानी, मंडपातल्या सावल्या असतात, म्हणजे कामाची जागा तीच.

मग घ्यायचे काय? फोटो लॅबमध्ये छापून घेत असाल तर कलरीमीटर घ्या आणि विषय संपवा. कागदाचे प्रोफाइल बनवणे हे लॅबचे काम आहे. ते त्यांच्याकडून मागून घ्या आणि फोटोशॉपमध्ये 'सॉफ्ट प्रूफ' करून छपाईआधी पाहा. प्रोफाइल म्हणजे काय असे विचारणारी लॅब असेल तर, माझ्या मते, लॅब बदला. घरी स्वतःचा फोटो प्रिंटर असेल, निरनिराळे कागद वापरत असाल, कंपनीने प्रोफाइल न दिलेली शाई भरत असाल, तरच वर्णपटमापकाचा विचार करा. त्याची किंमत कलरीमीटरच्या दुपटीपासून कित्येक पटींपर्यंत जाते.

काही नवी उपकरणे हजारो कॅन्डेला मोजू शकतात. ती एचडीआर चित्रपटांचे काम करणाऱ्यांसाठी आहेत. 120 वर काम करणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. एकाच कंपनीच्या स्वस्त आणि महाग आवृत्त्यांत अनेकदा उपकरण तेच असते, फरक सॉफ्टवेअरचा असतो. आर्गिल हे मोफत सॉफ्टवेअर अनेक उपकरणांवर चालते. थोडी खटपट करायची तयारी असेल तर स्वस्त आवृत्तीतूनही त्याच्या मदतीने पूर्ण काम काढून घेता येते. जुने उपकरण कोणी कमी पैशांत देत असेल तर मात्र जपून. पूर्वीच्या कलरीमीटरमधल्या गाळण्या दमट हवेत आणि वयाने फिक्या पडत. कोकणातल्या पावसाळ्यात दहा वर्षे काढलेला कलरीमीटर खोटे बोलत असण्याची शक्यता बरीच. नवेही सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवावे.

मोजण्याआधी पडदा अर्धा तास चालू ठेवा. नाइट लाइट आणि उजेड आपोआप कमी-जास्त करणाऱ्या सगळ्या सोयी बंद करा. महिन्याभराने पुन्हा मोजा, कारण पडद्याचा उजेड हळूहळू उतरत जातो.

रुग्णालयात ही गोष्ट आवडीनिवडीची राहत नाही. स्तनांच्या एक्स-रेवरील बारीकशी गाठ दिसणे किंवा न दिसणे करड्या छटांच्या पायऱ्यांवर अवलंबून असते. म्हणून निदानासाठीच्या पडद्यांवर त्या पायऱ्या कशा असाव्यात याचे डायकॉम हे प्रमाण ठरलेले आहे आणि ते पडदे ठरावीक मुदतीने तपासले जातात.

एवढे करूनही पडदा आणि कागद हुबेहूब जुळतील असे नाही. रेशमातला राणी रंग छपाईच्या आवाक्याबाहेर जातो, तो थोडा मळणारच. आणि छापलेला फोटो कोणत्या उजेडात पाहता, यावरही बरेच ठरते. लक्ष्मी रोडवरच्या दुकानात साडी घेताना बायका ती दारात नेऊन उन्हात पाहतात. त्या जे करतात तेच छपाईच्या धंद्यात 5000 केल्विनच्या प्रमाणित दिव्याखाली करतात.

आमच्या फोटोग्राफरने शेवटी गावातल्या आणखी तिघांना गाठून वर्गणीतून एक कलरीमीटर घेतला. त्याच्या लॅपटॉपचा उजेड 290 निघाला आणि पांढरा रंग चांगलाच निळा. नव्या प्रोफाइलवर त्याने जुने फोटो उघडले आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "काकू, हिरवीच दिसतेय की!" खर्च ताईने आणि त्याने निम्मा-निम्मा वाटून घेतला. चाळीसपैकी सव्वीस पाने पुन्हा छापली. पैठणी आता मोरपंखी आहे. विहीणबाईंचा राणी रंगाचा शालू अजून थोडा मळकट दिसतो, आणि तो तसाच राहणार.