स्पॅनियलला माग काढायला शिकवताना

चोरीच्या बातमीत एक गोष्ट ठरलेली असते. श्वानपथक आलं, श्वानाने रस्त्यापर्यंत माग दाखवला आणि तिथेच ते घुटमळलं. आपण हसतो. पण बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच, की माणूस तिथून गाडीवर बसला आणि जमिनीवरचा माग संपला. कुत्र्याने होतं तेवढं सांगितलं.

आज तेच काम घरच्या स्पॅनियलसाठी, आणि तेही आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात. (तोंडात अजून नगरच येतं, चालवून घ्या.)

स्पॅनियल ही मुळात शिकाऱ्याबरोबर फिरून झुडपातले पक्षी उठवणारी जात. वास घ्यायला तिला शिकवावं लागत नाही. शिकवायचं ते हे, की नाक खाली ठेवून एकाच माणसाचा माग धरायचा. नाहीतर हा गडी वाऱ्यावरचा वास पकडणार आणि पाखरू उडालं की पळणार.

सकाळचं खाणं देऊ नका, तेच बक्षीस. बारीक गवताचा माळ किंवा मोकळं वावर बघा. वारा पाठीवर घ्या, कारण समोरून आला तर खाऊचा वास वरच्यावर मिळतो आणि नाक खाली जातच नाही. काठी रोवा, तिथे हातभर जागा पायाने तुडवा, उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे टाका. मग सरळ १५-२० पावलं चाला, प्रत्येक ठशात एक तुकडा, शेवटी भरलेली वाटी. परत येताना लांबून वळसा घ्या. तुडवलेल्या मातीला आणि चुरडलेल्या गवताला वेगळा वास सुटतो. त्यात माणसाचा वास मिसळतो, आणि हे मिश्रण म्हणजे कुत्र्याची वाट.

हार्नेस घाला, दोरी ५ मीटर. आता अवघड काम तुमचं, गप्प राहायचं. तो भरकटला तर दोरी धरून नुसते उभे राहा. बोट दाखवलंत, की तो नाक सोडून तुमच्या हाताकडे बघायला शिकतो. मग पुढे जिथे वाट तुम्हालाच माहीत नाही, तिथे तुमच्या तोंडाकडे बघत बसेल! दिवसाला दोन माग पुरे. ८-१० दिवस नीट जमलं की तुकडे विरळ करा, मग एखादं वळण घाला, मग माग टाकून अर्धा तास थांबून बघा.

वेळेचं बघा. जमीन तापली की वास लवकर विरतो, शिवाय पंजे भाजतात. थंड, ओलसर सकाळ उत्तम. पण सकाळ म्हणजे अंधार नव्हे. अकोले, संगमनेर, राहुरीकडे उसात बिबट्या असतो. विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी अकोले भागात केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचाच निघाला. म्हणून नीट उजाडल्यावर, उसापासून लांब, आणि दोरी हातातच. कर्जतला रेहेकुरीच्या बाजूला काळविटं आहेत, तिथे हा सराव नकोच.

आणि कुसळं! स्पॅनियलचे लांब केसाळ कान म्हणजे त्यांचं घरच. घरी आल्यावर कान उलटून बघा, बोटांच्या बेचक्या बघा, गोचीडही तिथेच सापडेल. एकसारखं डोकं झटकत असेल किंवा मान एका बाजूला धरत असेल, तर चिमटा घेऊन कानात खोल शिरू नका, सरळ पशुवैद्यकाकडे न्या.