सूतिकेचा इंद्रियभार आणि वैद्याचे कर्तव्य

‘बाळ रडले की डोक्यात घण पडतात, कोणी अंगाला हात लावलेलाही सोसत नाही,’ अशी तक्रार घेऊन बाळंतीण चिकित्सालयात येते. सोबतची सासू ‘हिचा स्वभावच चिडका झाला आहे’ अशी पुस्ती जोडते. औषधालयात तर हीच तक्रार ‘झोपेची एखादी गोळी द्या’ एवढ्यावर येऊन थांबते. प्रस्तुत लेखात या अवस्थेचा विचार स्वभावदोष म्हणून न करता हेतूंच्या अंगाने केला आहे.

हेतुविचार
चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिस्रैषणीय अध्यायात (अ. ११) असात्म्येंद्रियार्थसंयोग, प्रज्ञापराध व परिणाम ही रोगांची तीन आयतने सांगितली आहेत. पैकी पहिल्यात प्रत्येक इंद्रियाचा अतियोग, अयोग व मिथ्यायोग येतो. लगतच्या वातकलाकलीय अध्यायात वायूला श्रोत्र व स्पर्शन यांचे मूळ म्हटले आहे. प्रसूतीतील श्रम व रक्तस्राव यांनी वात वाढलेल्या स्त्रीला शब्द व स्पर्श हेच प्रथम असह्य का होतात, याचा उलगडा येथे होतो.

ओझर परिसरात यात स्थानिक हेतूंची भर पडते. चतुर्थीला श्रीविघ्नहराच्या दर्शनास येणारी गर्दी व वाहनांचा गोंगाट गावातील घरांत पोहोचतो. उसाच्या शेतालगतच्या वस्तीवर बिबट्याच्या भयाने माता कुत्रे भुंकले तरी उठून बसते. रात्री बाळासाठी जागरण आणि दिवसा पाहुण्यांची वर्दळ. म्हणजे त्रयोपस्तंभांपैकी निद्रा हा स्तंभच ढासळतो.

उपचारक्रम
याच अध्यायात अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह म्हणजे सत्त्वावजय, असे सांगितले आहे. तो केवळ उपदेशाने साधत नाही. विषयांचा भारही कमी करावा लागतो. म्हणून औषधाच्या चिठ्ठीवर पुढील सूचना घरच्यांसाठी स्पष्ट लिहाव्यात :

१. दोन स्तनपानांच्या मधल्या वेळात बाळ दुसऱ्याने सांभाळावे. मातेस सलग झोप मिळावी.
२. तिच्या खोलीत दूरदर्शन व मोबाईलचा आवाज नसावा. भेटीला येणाऱ्यांची संख्या मर्यादित असावी.
३. अभ्यंग हितकर असला तरी स्पर्श असह्य असताना सक्ती नसावी. अभ्यंग-उत्सादनाचे अतिसेवन चरकाने स्पर्शाच्या अतियोगातच गणले आहे.

त्यानंतर अग्निबल पाहून स्निग्ध आहार व वातशामक औषधांची योजना करावी. रक्ताल्पता व थायरॉईडची तपासणी अवश्य करून घ्यावी; प्रसवोत्तर थायरॉईडविकारातही अशीच लक्षणे दिसतात.

मर्यादा ओळखणे
उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, अथवा बाळ झोपले असतानाही मातेस झोप येत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. भ्रम, नसलेले आवाज ऐकू येणे, स्वतःस किंवा बाळास इजा करण्याचे विचार ही लक्षणे असल्यास रुग्णेस एकटी न सोडता त्याच दिवशी तज्ज्ञांकडे न्यावे. १९८७ साली प्रसिद्ध झालेली एडिंबरो प्रश्नावली केवळ दहा प्रश्नांची असून चिकित्सालयात सहज वापरता येते. तिच्या दहाव्या, आत्मघातविषयक प्रश्नाचे उत्तर कधीही दुर्लक्षू नये. २०२२ पासून शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

औषधालयचालकांस विशेष विनंती : स्तनपान देणाऱ्या मातेस सर्पगंधायुक्त योग निद्रेसाठी देऊ नयेत. त्यातील रिसर्पीन दुधात उतरते आणि त्याने अवसादही उत्पन्न होऊ शकतो.

‘चिडकी’ म्हणून जिची बोळवण होते, ती पुष्कळदा केवळ थकलेली असते. क्वचित गंभीर आजारीही असते. हा भेद ओळखणे हे आपले पहिले कर्तव्य होय.