हौसेचें काळें पाणी

'काळें पाणी' हे शब्द उच्चारले कीं आम्हां महाराष्ट्रीयांच्या डोळ्यांपुढें अंदमान उभें राहतें. परंतु ह्याच नांवाचा एक छंद जगांत रूढ झाला असून, लोक त्यासाठीं पदरचे पैसे मोडून रात्रीं भर समुद्रांत उडी घेतात, असें सांगितलें तर आमच्या पुष्कळ वाचकांस तो वेडाचार वाटेल. निवाडा करण्यापूर्वीं त्याची हकीकत समजून घेणें मात्र न्यायाचें होईल.

हवाई बेटांपैकीं सर्वांत मोठ्या बेटाचा कोना नांवाचा पश्चिम किनारा या छंदासाठीं प्रसिद्ध आहे. हें बेट ज्वालामुखीनें समुद्रांतून उभारलेलें. त्यामुळें किनाऱ्यापासून थोड्याच मैलांवर पाणी हजारों फूट खोल असतें. अंधार पडल्यावर नौका तेथें नेतात, यंत्र बंद करतात आणि तिला प्रवाहाबरोबर वाहूं देतात. नौकेवरून वजन बांधलेले दोर खालीं सोडलेले असतात. प्रत्येक पाणबुड्या स्वतःस एका दोराशीं जोडून घेतो आणि सुमारें ४०-५० फुटांवर, हातांतील दिव्याच्या उजेडांत, लोंबकळत राहतो. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यापलीकडे व फिलिपाइन्समधील अनिलाव येथेंही हा प्रकार चालतो. तेथें बहुधा तरंगत्या बोयाखालीं दिवे सोडतात आणि पाणबुडे त्यांच्या आसपास वाहत राहतात.

हा खटाटोप कशासाठीं? दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, कॅलिफोर्नियाजवळ ध्वनिलहरींनीं समुद्राचा ठाव घेत असतां शास्त्रज्ञांना एक चमत्कार आढळला. खरा तळ पुष्कळ खालीं असतांनाही मध्येंच कोठून तरी प्रतिध्वनि येई. जणूं तेथें दुसराच तळ होता! १९४५ सालीं मार्टिन जॉन्सन या प्राणिशास्त्रज्ञानें दाखविलें कीं, हा 'तळ' संध्याकाळीं वर चढतो आणि पहाटे खालीं उतरतो. अर्थात् तो प्राण्यांचा थर आहे. दिवसा भक्षकांच्या दृष्टीस पडूं नये म्हणून अंधारांत दडावयाचें आणि रात्रीं वर येऊन पोट भरावयाचें, हा या असंख्य जीवांचा नित्यक्रम होय.

१९३४ सालीं विल्यम बीब व ओटिस बार्टन बर्म्यूडाजवळ पोलादी गोळ्यांत बसून ३,०२८ फूट खालीं गेले, तेव्हां खोल समुद्रांतील जीवसृष्टि त्यांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिली. १९४३ सालीं कुस्तो व गान्यां यांनीं फ्रान्समध्यें पाठीवर वाहून नेण्याजोगें श्वसनयंत्र सिद्ध केलें. त्याच्या साहाय्यानें माणूस तितका खोल जाऊं शकत नाहीं हें खरें. पण त्या सृष्टीचा कांहीं भाग रोज रात्रीं आपण होऊन वर येतो. पाणबुड्यानें केवळ वाट पाहावयाची.

मग देव्हाऱ्यांतील समईभोंवतीं पाकोळ्या जमाव्यात तसे जीव उजेडांत येऊं लागतात. कोणाच्या अंगावर केसांच्या रांगा हलतांना इंद्रधनुष्य उमटतें. कोणी माशाचें पिलूं जेलीफिशच्या आडोशानें प्रवास करतें. ईल नांवाच्या सर्पाकृति माशाचें पिलूं तर पानासारखें चपटें आणि कांचेसारखें पारदर्शक. शास्त्रज्ञ त्याला दीर्घकाळ निराळीच जात समजत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रासी व कालांद्रुच्चो या इटालियन संशोधकांनीं त्याचें खरें कूळ उघड केलें.

असे घोटाळे होण्याचें एक कारण जाळें हें होतें. जाळ्यांत पिलांचे नाजूक तंतु तुटतात आणि मूळ रूप हरपतें. स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहालयांतील व इतर संशोधकांनीं २०२१ सालीं कोनाजवळील पाणबुड्यांच्या साहाय्यानें केलेलें काम प्रसिद्ध केलें. आधीं जिवंत पिलाचें छायाचित्र घ्यावयाचें, मग त्याला अलगद पकडावयाचें आणि त्याच्या आनुवंशिक द्रव्याची परीक्षा करावयाची, अशी ही रीत आहे. लांब तंतु मिरविणारीं कांहीं पिलें डंखणाऱ्या प्राण्यांचें सोंग घेत असावींत, असा तर्कही त्यांतून पुढें आला. जें जाळ्याला कळलें नाहीं तें हौशी मंडळींच्या डोळ्यांनीं टिपलें.

तरी धोका लहान नाहीं. समुद्रांत दर ३३ फुटांस एका वातावरणाइतका दाब वाढतो. खडकाजवळ बुडी मारणाऱ्यास तळ दिसतो. येथें वर, खालीं, सभोंवतीं सारखाच काळोख. बोटभर जीवाकडे टक लावून पाहतां पाहतां माणूस खालीं सरकतो आणि त्याला पत्ताही लागत नाहीं. खोलीबरोबर हवा लवकर सरते, नायट्रोजनची धुंदी चढते. घाबरून श्वास रोखून वर झेपावल्यास फुप्फुसें फाटण्याचें भय. म्हणून खोली दाखविणाऱ्या यंत्रावर वारंवार नजर ठेवावी लागते आणि सोबत्याचा दिवा दृष्टीआड होऊं द्यावयाचा नसतो.

आमचा निवाडा विचाराल तर हा वेडाचार नव्हे. मात्र जो तो दोर जाचक मानतो त्याच्यासाठीं तो वेडाचारच आहे. घरांतील एखादा तरुण अशा साहसाची परवानगी मागूं लागला, तर वडील मंडळींनीं एकदम नाहीं म्हणूं नये. शिक्षण किती झालें, शिकविणारा कोण, सोबतीला कोण, हें आधीं विचारावें. ज्याचीं उत्तरें शांतपणें येतील, त्याला तें काळें पाणी खुशाल पाहूं द्यावें आणि परत आल्यावर त्याचें वर्णन साऱ्या घरानें बसून ऐकावें.