पंपाचं टायमिंग कानाने नको, डायलने!

फोक्सवॅगनच्या जुन्या १.६ डिझेलवर बॉशचा व्हीई पंप असतो. नुसत्या खुणा जुळवून भागत नाही. इंजेक्टरच्या चार पाइपांच्या मधोमध एक छोटा बोल्ट दिसेल. तो काढून तिथे डायल गेज बसवा. कोल्ड स्टार्टची केबल सैल हवी, हे हमखास विसरलं जातं! इंजिन हाताने उलटं फिरवा, काटा थांबला की शून्य करा. आता सुलट, फ्लायव्हीलची टीडीसी (टॉप डेड सेंटर) खूण येईपर्यंत. काटा ०.९० मिमीच्या आसपास हवा. कमी असेल तर पंपाचे बोल्ट ढिले करून पंप शाफ्टच्या फिरण्याच्या उलट दिशेला किंचित फिरवा. किंचित म्हणजे खरंच केसभर. बोल्ट आवळताना पंप सरकतो, म्हणून पुन्हा मोजा. मला तिसऱ्या खेपेला जमलं. टायमिंग मागे राहिलं तर थंडीत पांढरा धूर, फार पुढे गेलं तर खडखडाट.