उज्जयिनीचा वळसा

कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या कवितेचा सारांश लिहायला सांगितला की बहुतेक उत्तरे एका वाक्याशी येऊन थांबतात : संकटात माणसाने खचून जाऊ नये. वाक्य खोटे नाही, पण ते कविता न वाचताही लिहिता येते. प्रत्यक्ष कवितेत पुराने घर नेलेला एक जुना विद्यार्थी पावसात भिजत सरांच्या दारी येतो. घर कसे गेले ते सांगताना तो नदीला दोष देत नाही. ती पाहुणी होती, माहेरी आलेल्या लेकीसारखी घरभर बागडून गेली, असे तिचे कौतुकच करतो. सरांचा हात खिशाकडे वळतो. त्याबरोबर तो हसत उठतो. पैसे नकोत, जरा एकटे वाटले म्हणून आलो, असे सांगून पाठीवर हात ठेवून फक्त ‘लढ’ म्हणायला सांगतो.

खिशाकडे गेलेला तो हात सारांशात यायलाच हवा. तोवर हा विद्यार्थी मदत मागायला आला आहे, असा वाचकाचाही समज झालेला असतो. कविता वळते ती तिथेच. सर कवितेत एक शब्दही बोलत नाहीत, हेही महत्त्वाचे, कारण त्यांचे मन आपल्याला कळते ते त्या एका हालचालीतूनच. ‘पुरात घर उद्ध्वस्त झाले’ एवढेच लिहिले तर माहिती बरोबर राहते, पण बोलणाऱ्याचा सूर हरवतो. आणि कणा मोडलेला नाही, हे आधी कळते ते त्या सुरातूनच.

शाळेत कवितेबरोबर तिचा संदेशही विचारला जातो. त्या सवयीने संदेशच सारांशाची जागा घेऊन बसतो. पण जिथे संदेश नाहीच, तिथे काय करायचे?

बालकवींची ‘औदुंबर’ घ्या. अवघ्या आठ ओळींची कविता. तिच्यात ‘मी’ नाही, घटना नाही, उपदेश तर नाहीच. एक झरा, त्याच्या काठची हिरवळ, थोड्याशा घरांचे गाव, पुढे शेतमळे, त्यांतून जाणारी पांढरी पायवाट आणि ती जिथे पोचते तो काळा डोह. तिथे पाण्यात पाय सोडून एक झाड बसले आहे. हे सगळे क्रमाने सांगणे हाच सारांशाचा मोठा भाग, कारण नजर उजेडाकडून काळोखाकडे जाते ती त्या क्रमानेच. ‘कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे’ हे वाक्य झाडाला आणि डोहाला एकाच मापाने मोजते.

उलट बाजूची चूक अधिक मोहात पाडणारी आहे. बालकवी 1918 मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, जळगावजवळ भादली येथे रेल्वेखाली सापडून गेले. हे ठाऊक असलेल्या वाचकाला डोहात मृत्यू दिसू लागतो. औदुंबर म्हटले की दत्तगुरू आठवतात आणि झाड ध्यानस्थ योगी होते. समीक्षकांनी या कवितेचे अनेक अर्थ लावले आहेत, आणि लावावेतच. पण कवितेत ना दत्त आहेत ना मृत्यूचा उल्लेख. ते रसग्रहणात यावे, कवीच्या परिचयात यावे. सारांशात आले, की कवितेने काय म्हटले आणि वाचकाने काय जोडले, हे वेगळे ओळखता येत नाही.

मग सारांशात राहावे काय? पाण्यावर पसरणाऱ्या काळेपणाला बालकवी गोड म्हणतात. हे एक विशेषण सोडले तर उरते ते नुसते उदासीचे चित्र. ते ठेवले, तर उदासी आणि गोडवा एकत्र का, हा प्रश्न सारांश वाचणाऱ्यालाही पडतो. आठ ओळींचा सारांश तीन वाक्यांत करताना इतके सगळे गळते. हे विशेषण गळू देऊ नये.

लांब काव्यात निवड आणखी कठीण होते. कालिदासाच्या ‘मेघदूता’ची गोष्ट दोन ओळींत संपते : कुबेराच्या शापाने वर्षभर दूर राहावे लागलेला यक्ष ढगाबरोबर अलकानगरीत पत्नीला निरोप धाडतो. पण शंभराहून अधिक श्लोकांच्या या काव्यात जवळजवळ निम्मा भाग वाटेच्या वर्णनाचा आहे. विरहाने व्याकुळ झालेला हा यक्ष ढगाला सरळ उत्तरेला पाठवतच नाही. वाट वाकडी होईल, तरी उज्जयिनी पाहूनच जा, असे तो स्वतः सांगतो. निरोपाची इतकी घाई असलेला माणूस वळसा सुचवतो, तेव्हा त्याच्या मनात पत्नीइतकेच हे जगही भरून आहे, हे दिसते. म्हणून यक्षाची घाई आणि उज्जयिनीचा वळसा सारांशात शेजारी-शेजारी यावेत. त्यासाठी वाटेवरच्या आम्रकूट, रेवा किंवा विदिशा यांपैकी एखादे ठिकाण गाळावे लागले तरी चालेल.