दंड फुगतो, काळीज झिजतं

धानाचं चुरणं-मळणं आटोपलं की तुमसर, मोहाडी, लाखनी, साकोली, पवनीकडच्या रस्त्यांवर पहाटेच धावणारी पोरं दिसू लागतात. कोणाला पोलिसात जायचं असतं, कोणाला फौजेत. दोन-तीन एकराच्या धानावर घर भागत नाही, म्हणून घरातला एक मुलगा तरी वर्दीत जावा ही आई-बापाची आस असते. त्यात वाईट काहीच नाही. पण भरतीची तारीख जवळ आली आणि अंग भरलं नाही, की कोणीतरी कानाला लागतो, "एक कोर्स मार, दोन महिन्यांत छाती फुगते." हा कोर्स म्हणजे बहुतेक वेळा अॅनाबॉलिक स्टिरॉइड. त्याविषयी गावातल्या प्रत्येक घराने जाणून घ्यायला हवं.

पुरुषाच्या वृषणात टेस्टोस्टेरॉन नावाचं संप्रेरक तयार होतं. दाढी-मिशा, जाड आवाज, स्नायूंची ताकद ही त्याचीच कामं. १९३५ मध्ये शास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत बनवलं. पुढे त्यात थोडे फेरफार करून नँड्रोलोन, स्टॅनोझोलोल, मेथँडिएनोन अशी औषधं निघाली. हीच अॅनाबॉलिक स्टिरॉइडं. दम्याला, सांधेदुखीला किंवा अंगावर पुरळ आल्यास डॉक्टर जे स्टिरॉइड देतात, ते वेगळं. नाव एक असलं तरी काम एक नाही. दम्याचं स्टिरॉइड डॉक्टरांना न विचारता एकाएकी बंद करू नये, हेही इथेच सांगितलेलं बरं.

औषध म्हणून उपयोग आहेच

ही औषधं मुळात वाईट नाहीत. ज्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन तयारच होत नाही, त्याला ते द्यावं लागतं. वयात येण्यास फार उशीर होणाऱ्या मुलांना ते थोडे दिवस, तपासून देतात. हाडाच्या मगजात रक्त बनणं थांबलं असेल तर काही रुग्णांना यातली औषधं दिली जातात. मूत्रपिंड निकामी झाल्याने रक्त कमी पडणाऱ्यांना पूर्वी नँड्रोलोनची इंजेक्शनं देत. एरिथ्रोपोएटिन हे औषध आल्यावर तो वापर कमी झाला. या सगळ्यात डॉक्टर मात्रा ठरवतात, रक्त आणि यकृत तपासतात आणि गरज संपली की औषध थांबवतात. ताकदीसाठी घेणारे मात्र औषधाच्या मात्रेच्या दहापट आणि त्याहूनही जास्त घेतात, आणि तपासणी तर कोणीच करत नाही.

नरसिंगचं काय झालं?

नरसिंग यादव हे नाव कुस्तीच्या शौकिनांना नवं नाही. २०११, २०१२ आणि २०१३ असा लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी, पोलीस दलात उपअधीक्षक. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात त्याने कांस्यपदक मिळवलं आणि रिओ ऑलिम्पिकची जागाही. २५ जून २०१६ रोजी घेतलेल्या नमुन्यात मेथँडिएनोन निघालं. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी मुद्दाम मिसळलं, असं त्याचं म्हणणं होतं. राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या समितीने ते मान्य करून १ ऑगस्टला त्याला मोकळं केलं. पण जागतिक संस्था क्रीडा लवादाकडे गेली. मिसळल्याची गोष्ट पुराव्याने शाबीत झाली नाही, आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, चार वर्षांची बंदी आली.

यातून घेण्यासारखी गोष्ट साधी आहे. नमुन्यात औषध निघालं की ते कसं आलं हे खेळाडूलाच सिद्ध करावं लागतं. २०११ मध्ये देशाच्या रिले संघातल्या धावपटू मुली अशाच अडकल्या. प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांमधून स्टिरॉइड आलं असं त्यांनी सांगितलं, तरी अखेर त्यांची बंदी दोन वर्षांची झाली. म्हणून "हे औषध नाही, नुसती पावडर आहे" या बोलण्यावर विसंबू नये. डब्यावर लिहिलेलं आणि डब्यातलं यात अंतर असू शकतं.

शरीरावर काय होतं?

बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की शरीर आपलं बनवणं बंद करतं. वृषण लहान होतात, शुक्रजंतू घटतात, आणि लग्नानंतर मूल होण्याची अडचण उभी राहू शकते. पुरुषाची छाती बाईसारखी वाढते, आणि ती कधीकधी शस्त्रक्रियेशिवाय जात नाही. तोंडाने घेण्याच्या गोळ्यांनी यकृताला इजा होते, कावीळ होते, गाठीही होऊ शकतात. रक्तदाब वाढतो, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, हृदयाचा स्नायू जाड होतो, आणि तरुण वयातच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. चिडचिड, भांडणं वाढतात. औषध सोडलं की मन एकदम खचतं, काहींच्या मनात जीव देण्याचेही विचार येतात. मुलींचा आवाज जाड झाला की तो बहुधा परत येत नाही.

वाढत्या वयातल्या पोरांसाठी धोका आणखी मोठा. हाडांची टोकं लवकर बंद होऊन उंची थांबते. राज्याच्या पोलीस भरतीत पुरुषाला १६५ सेंटीमीटर उंची लागते. ज्या नोकरीसाठी सुई टोचली, त्या नोकरीचीच वाट अशी बंद होऊ शकते. आणि १६०० मीटर धावायला फुगलेला दंड नाही, दम लागतो. तो रोजच्या सरावानेच येतो.

एकच सुई चौघांनी वापरली तर कावीळ (ब आणि क) व एड्सचे विषाणू पसरतात. आपल्या भागात सिकलसेल बराच आहे. ही औषधं रक्त घट्ट करतात, त्यामुळे सिकलसेल असणाऱ्याने तर याच्या वाटेलाच जाऊ नये.

गावाने काय करावं?

कायद्याने ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. जिममध्ये किंवा ओळखीतून कोणी विकत असेल तर अन्न व औषध प्रशासनाला किंवा पोलिसांना कळवावं. सरपंच आणि पोलीस पाटलांनी ग्रामसभेत हा विषय एकदा तरी काढावा. भरतीची तयारी करून घेणाऱ्यांनी पोरांना स्पष्ट सांगावं. घरात रिकाम्या सुया, कुपी दिसल्या, पोरगा अचानक फुगला, चेहऱ्यावर-पाठीवर मुरूम आले, बोलणं तिखट झालं, तर मारझोड न करता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावं. काय घेतलं, किती दिवस घेतलं हे डॉक्टरांना खरं सांगावं. बरेच दिवस घेतलं असेल तर सोडणंही त्यांच्याच देखरेखीत व्हावं.

शंकरपटाची जोडी ढेप-कुटारावर आणि रोजच्या कसरतीवर तयार होते. पटाच्या सकाळी सुई टोचून बैल पळवणाऱ्याला आपणच नावं ठेवतो. मग पोरांच्या बाबतीत वेगळा न्याय का? डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे, पुरती झोप आणि सहा-आठ महिन्यांचा सराव याला वेळ लागतो. एखादी भरती हुकलीच, तर पुढची येते. काळीज एकदा बिघडलं की दुसरं मिळत नाही.